बंगळूर वांगं

माय, आज सकाळी पिशवी घेऊन लातूरच्या शेतकरी बाजारात गेलो होतो आणि भाजीवाल्यांना इतके प्रश्न विचारले की तुला हसू आलं असतं. तुला माहीत असलेला मी बोलणारा होतो, विचारणारा नव्हतो. तू गेल्यावरही बोलतच राहिलो. हमीभावावर बोललो, हुंड्यावर बोललो, अंगात येणाऱ्या देवांवर आणि त्यांच्या नावानं दुकान मांडणाऱ्यांवर बोललो. ज्या गावानं माझ्यावर दगड उचलले, त्या गावात पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन तेच बोललो. भाषणात मी प्रश्न टाकायचो ते समोरच्याला गप्प करायला. उत्तर येईपर्यंत थांबायची गरज मला कधी वाटली नाही.

तुझी सून आजारी आहे. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेल्यावर ती या घरात आली. कॅन्सर आहे, आणि त्याच्या औषधानं तिच्या तोंडाची चव उलटली आहे. नुसती गेली असती तरी चाललं असतं. पण वरण तिला लोखंडासारखं लागतं, भाकरी कडू लागते, दुधाला साबणाचा वास येतो. घास तोंडात घेते, थोडा वेळ तसाच धरते, जणू त्यात हरवलेलं काही शोधते आहे, आणि ताट सरकवते. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर पुढचं औषध देता येणार नाही; काहीही करा, पण पोटात अन्न जाऊ द्या. तेव्हापासून घरात मीच स्वयंपाक करतो, आणि रोज तिच्या ताटाकडे निकाल लागायचा असल्यासारखा बघतो. लोक येतात. कुणी नवस बोला म्हणतं, कुणी अंगाऱ्याची पुडी पुढे करतं. एकाला मी दारातूनच परत पाठवलं. जे खोटं आहे म्हणून जन्मभर ओरडलो, ते माझ्या घरात दुखणं आलं म्हणून खरं होत नाही. पण पुडी नाकारली तरी ताट भरावंच लागतं, आणि ते कशानं भरायचं हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी तीच एकदा म्हणाली, ‘ओळखीचं काही करू नका हो. ओळखीचं सगळं खोटं लागायलंय. मी जन्मात खाल्लं नाही असं काहीतरी आणा.’ म्हणून दर रविवारी बाजार. पहिल्यांदा ब्रोकोली आणली. विकणाऱ्याला विचारलं, तुमच्या घरी कशी करतात? तो म्हणाला, ‘आमच्यात कोण खातंय सर? माल सगळा पुण्याला जातो.’ तिनं एक तुरा उचलला, हुंगला आणि ठेवून दिला. मग ड्रॅगन फ्रूट झालं, झुकिनी झाली. प्रत्येक विकणारा छातीवर हात ठेवून सांगायचा की अशी चव तुम्ही घेतलीच नसेल. ती मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्या घासाला थांबायची.

कंधारच्या बाजारातला तो दिवस मला या दिवसांत फार आठवतो. मी नांदेडला कॉलेजात आहे, वक्तृत्वाची ढाल घेऊन सुट्टीला आलो आहे. तू एका बागवानापुढे बसली आहेस. त्याच्या पाटीत हिरवे गड्डे, वर पानांचे तुरे. ‘ओ भई, ये क्या है?’ तू तुझ्या मोडक्या दखनीत विचारतेस. तो सांगायच्या आत मीच सुरू होतो: याला नवलकोल म्हणतात, ही कोबीचीच जात, मूळची युरोपातली. आजूबाजूच्या दोन बाया माना हलवतात. तू माझ्याकडे न बघता म्हणतेस, ‘तू खाल्लास का कवा?’ नाही म्हणतो. ‘मग गप ऱ्हा की. ज्यानं खाल्लंय त्याला बोलू दे.’ बागवान हसून म्हणतो, ‘अम्मा, बेटा वकील बनेगा.’ ‘वकील हू दे न्हाई तर आणि काय हू दे, घरी जाऊन भाकरीच खाणार हाय,’ तू म्हणतेस, आणि पुन्हा त्याला विचारत बसतेस: साल काढायची का, डाळ कोणती घालायची, तुमच्या घरच्यांनी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा काय म्हणाले. त्या रात्री बाबा जेवून उठले ते एकच वाक्य बोलून, ‘कोबीच्या दांड्यावानी लागतंय.’ तू त्यावर खूश होतीस. ताट तर रिकामं झालं होतं.

आज बाजाराच्या पार शेवटी निलंग्याकडचा एक शेतकरी बसला होता. त्याच्यापुढे पोत्यावर फिकट हिरवी फळं होती, पेरूएवढी, तोंडाकडे सुरकुतलेली, बोळक्या म्हाताऱ्यानं ओठ मिटावेत तशी. त्यानं मला ओळखलं. ‘भाषणवाले सर ना तुमी? आमच्या गावात आलतात. लई तापलातात त्या दिशी. आज माईक न्हाई व्हय?’

मी म्हणालो, आज मी ऐकायला आलोय. हे काय आहे?

‘बंगळूर वांगं. बायकूनं माहेराहून वेल आणला, कर्नाटकातून. हिरीवर मांडव घातलाय त्याला.’

‘वांग्याची जात?’

‘न्हाई वं. नाव वांग्याचं, गुण भोपळ्याचा.’

‘चव कशी असते?’

तो गालातल्या गालात हसला. ‘खरं सांगू का? चवच न्हाई त्याला. पैल्यांदा खाल्लं तवा बायकूला म्हणलो, अगं, मी पाणी चावायलो का काय!’

‘मग विकता कशाला?’

‘इकायलो कुठं? सकाळधरनं नुस्ता बसलोय. तुमीच पैले.’

मी थबकलो. इतके रविवार मी चव विकत घेत फिरत होतो. विचारलं, आजारी माणसाला चालेल का? ‘कोण आजारी हाय?’ मी सांगितलं. त्याचं हसू मावळलं. त्यानं प्रत्येक फळ नखानं दाबून पाहिलं, कवळी तेवढी चार निवडली आणि म्हणाला, ‘मुगाच्या डाळीत शिजवा. लोण्यावानी मऊ हुतंय. तिखट नगं.’

घरी आल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसली. हल्ली तिला तेवढंही चालणं जड जातं. फळ सोलताना हाताला चीक लागतो, माय, धुतला तरी कातडी ताणल्यासारखी वाटत राहते. डाळ, हळद, चिमूटभर मीठ, बस. वाटीत वाढून तिच्या हातात दिलं आणि ओट्याकडे तोंड करून उभा राहिलो. ती खाताना बघायचं धैर्य आता मला होत नाही. मागून चमच्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

‘कसं लागतंय?’ मी न वळताच विचारलं.

‘कसंच नाही.’

‘लोखंड?’

‘नाही. कडूही नाही. काहीच लागेना.’ मग बराच वेळ नुसता चमचा. नंतर ती म्हणाली, ‘आणखी वाढा.’

मी वळलो. वाटी चाटूनपुसून रिकामी होती आणि पातेलंही रिकामं होतं. ‘संपलं एवढ्यात?’ तिनं विचारलं. मी म्हणालो, पातेलं लहान होतं. ‘मग दुसरं करा,’ ती म्हणाली, ‘मी बसलेय.’ मी पुन्हा सोलायला घेतलं, ती बघत बसली.

आता ती झोपली आहे. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून तुला तरी खरं सांगतो. पातेलं लहान नव्हतं, माय. चार फळं आणली होती आणि मी एकच चिरलं होतं. ती खाईल असं मला वाटलंच नव्हतं.