खोट्या मालाची फळी

मी खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा औषधी मुळ्या, साली व बिया यांची खरेदी-विक्री, बाजारात ‘भिंगवाले काका’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यावरचा शिक्का मी भिंगातून तपासला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. प्रत्येक पानाखाली उरलेल्या कोऱ्या जागेत मी रेघ मारली आहे, कारण कोरी जागा दिसली की माझ्या धाकट्या भावाचे हात शिवशिवतात.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या व वरची गच्ची, माझ्या मुलास द्यावे. मुलगा सरळ आहे. त्याला बारमाही सर्दी, त्यामुळे वास येत नाही, आणि समोरचा जे सांगेल ते पटते. या धंद्यात तो चार महिन्यांत बुडेल, म्हणून दुकान त्याला देत नाही. ते कोणाला व का, हे कलम पाचमध्ये आहे. तोवर त्याने तोंड पाडून बसू नये.

कलम दोन. भावास केशराची बरणी परत द्यावी. तीस वर्षांपूर्वी त्याने मला विकलेला तो पहिला माल. तेव्हा म्हणाला होता, “दादा, घरचा माणूस तुला फसवेल का?” चिमूटभर पाण्यात टाकले, तर रंग क्षणात सुटला आणि खाली मक्याच्या कणसाचे केस उरले. आता तो सगळे दळून बाटल्यांत भरतो. मी अख्खी मुळी विकतो. गिऱ्हाइकाला ती मोडून, चावून पाहता येते. पूड झाल्यावर काय पाहणार? दुकानातले दळण्याचे यंत्र त्याने मागितले तरी देऊ नये.

कलम तीन. दुकानातील काचेचे कपाट विकू नये. वरच्या फळीवर खऱ्या मालाचे नमुने आहेत. खालच्या फळीवर मी पकडलेला खोटा माल आहे: दालचिनी म्हणून आलेली भलतीच जाड साल, सत्त्व काढून पुन्हा वाळवलेला ज्येष्ठमध, साखरेच्या पाकाचा मध. प्रत्येक बरणीवर आणणाऱ्याचे नाव व तारीख आहे. फळ्यांची अदलाबदल कोणीही करू नये.

कलम चार. पाच वर्षांपूर्वी भावाने त्याच्या दुकानावर माझ्या फोटोची पाटी लावली. ‘वय ७१. आयुष्यात डॉक्टरांची एकही गोळी नाही. फक्त काढा.’ दरवर्षी वयाचा आकडा तेवढा बदलायचा. मी वरवर कुरकुर केली. खरे सांगायचे तर मला पाटी आवडली होती. मी रस्त्याने मुद्दाम त्या बाजूने जात असे.

गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई माझ्या दुकानात आल्या. म्हणाल्या, “ती पाटी खरी आहे का हो? मला रक्तदाबाच्या गोळ्यांचा कंटाळा आलाय. तुम्ही खरंच एकही घेत नाही?”

सूनबाई गल्ल्यापाशी होती. हातातली पुडी बांधता बांधता ती थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “मी कधी गोळी गिळलेली नाही.” बाईंनी काढ्याचे सामान नेले. दोन महिन्यांत त्यांची उजवी बाजू लुळी पडली.

हे कळले त्याच दिवशी मी भावाला पाटी उतरवायला लावली. तो म्हणाला, “उतरवतो, दादा. पण तू गेल्यावर परत लावणार. शेवटपर्यंत घेतली नाही, असं लिहिता येईल तेव्हा.” हे मृत्युपत्र त्या वाक्यामुळे लिहिले आहे.

कलम पाच. सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला रक्तदाबाची गोळी लिहून दिली. मी चिठ्ठी घरी येऊन कचऱ्यात टाकली आणि काढा पीत राहिलो. आठवड्याने काढ्याची चव बदलली. ज्येष्ठमधाच्या गोडीमागून जिभेच्या मुळाशी काहीतरी वेगळेच कडू येत होते. पेल्याच्या तळाशी पांढुरका गाळ होता. असा गाळ कोणतीही साल सोडत नाही. काढा सूनबाई करते. माझ्या मनात आले ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो: ही मला विष घालते आहे.

थोडा काढा बाटलीत भरून मी लाखेने बंद केला आणि आमचा माल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवला. रोजचा पेला गुपचूप मोरीत ओतू लागलो. नवव्या दिवशी दुकानाच्या पायरीवर चक्कर येऊन पडलो. संध्याकाळी अहवाल आला. काढ्यात तीच गोळी होती, जिची चिठ्ठी मी कचऱ्यात टाकली होती. दुसऱ्या दिवसापासून पेला पुन्हा तळापर्यंत संपवू लागलो.

सूनबाईला मी बोललो नाही. बोललो असतो तर मान राखण्यासाठी मला नाही म्हणावे लागले असते. ती रोज विचारते, “बाबा, आज कडू नाही ना झाला?” मी सांगतो, “फक्कड झालाय.” डॉक्टरही सामील असावेत. परवा दाखला देताना त्यांनी विचारले, “गोळ्या?” मी म्हणालो, “नाही.” त्यांनी मान वर न करता ‘नियमित’ लिहिले.

म्हणून दुकान, कपाट, यंत्र व भिंग सूनबाईला देत आहे. चाळीस वर्षे मी दुसऱ्यांची भेसळ पकडली. तिने केलेल्या भेसळीवर सात वर्षे जगलो, आणि दारात विचारायला आलेल्या बाईंना ते सांगितले नाही. मी गिळली नव्हती, प्यायलो होतो. शब्दांची अशी चलाखी मी भावालाही कधी माफ केली नाही.

कलम सहा. बँकेतील ठेव त्या बाईंच्या उपचारांसाठी द्यावी. कलम चार व पाच मुलाने त्यांच्या घरी जाऊन त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. त्या रागावल्या तर ऐकून घ्यावे. भावाने पाटी पुन्हा लावल्यास प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत तिच्याशेजारी चिकटवावी.

कलम सात. लाखेने बंद केलेली काढ्याची दुसरी बाटली माझ्या पलंगाखाली आहे. ती वरच्या फळीवर, खऱ्या मालात ठेवावी. पाटीवरचा माझा फोटो खालच्या फळीवर ठेवावा. त्यावर डकवायची चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे, फक्त तारीख घालावी. आणणाऱ्याच्या जागी माझेच नाव आहे.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ११ मार्च, सकाळी साडेदहा

सही: भिंगवाले काका

आम्ही दोघांनी वरील सही आमच्यासमोर होताना पाहिली. मजकूर आम्हाला दाखवलेला नाही. लिहिणाऱ्याने तो हाताने झाकून धरला होता.

साक्षीदार पहिला: समोरचा कुलपे दुरुस्त करणारा (सही)
साक्षीदार दुसरा: डॉक्टर (सही, शिक्का)