परक्या हातातला माऊस

४ मार्च, सोमवार

आज कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नव्या नोकरीवर रुजू झाले! चष्म्याच्या काचा घासणारी कंपनी आहे. खाली यंत्रांची घरघर, वर आमचं ऑफिस. गावोगावची चष्म्याची दुकानं रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे लांबचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावरून चालवून, ऑफिसातल्या मोठ्या मशीनला जोडून ऑर्डरी टाकतात. शनिवारी सगळीकडे नवं अपडेट आलं आणि दुकानांत काय, ऑफिसात काय, निम्म्या लोकांना नुसता काळा पडदा दिसायला लागला. साहेबांनी मला बसा म्हणायच्या आधी हे सांगितलं. मला अशी सुरुवात आवडते. सगळं सुरळीत असतं तर मला घेतलं कशाला असतं?

शेजारच्या टेबलावर नंबरवाल्या काकू बसतात. आलेले डोळ्यांचे नंबर तपासून खाली पाठवायचे, हे त्यांचं काम. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी माझा पगार, लग्नाचा विचार आणि केस कशाने गळतात, एवढं सगळं माझ्याकडून काढून घेतलं होतं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते तिकडे एकटेच असतात, अजून घड्याळं दुरुस्त करतात. केसाएवढा स्क्रू पहिल्या खेपेला जागी बसवतात, हात म्हणून हलत नाही. त्यांच्या कॉम्प्युटरवर मी हेच रिमोट टाकून ठेवलंय. काही अडलं की मी इथून जोडायची विनंती पाठवते, त्यांच्या पडद्यावर विचारणारी चौकट येते आणि माझं नाव दिसलं की ते डोळे झाकून 'हो' दाबतात.

५ मार्च, मंगळवार

साठवलेले जुने पासवर्ड पुसले, स्क्रीन चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम मागच्या आवृत्तीवर नेला. बऱ्याच जणांचा पडदा उजळला. उरलेल्यांना रिमोट काढून नव्याने टाकून दिलं. कटकट एकच. दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरायचं तर त्यानं आधी 'हो' दाबायला हवं, आणि तो नेमका बाहेर गेलेला असतो. शेवटी वैतागून मी सगळ्यांची ती विचारणारी चौकटच बंद करून टाकली. आता न विचारता थेट आत. आमच्या धंद्यात सगळेच करतात, कबूल कोणी करत नाही. साहेब बेहद्द खूश. माझ्या स्वतःच्या मशीनवर मात्र ठेवली आहे, एवढी काही मी वेडी नाही.

६ मार्च, बुधवार

काकूंनी तक्रार केली की माऊस त्यांचा हात ओढतो. मी हसले. म्हटलं, मी इथून जोडलेली असले की माऊस आपोआप हलणारच, तुम्ही हात काढून घ्या. त्या म्हणाल्या की हात काढूनच बसलेय गं.

मी वाकून पाहिलं. त्यांचा हात मांडीवर होता. मी माझा माऊस डावीकडे सरकवला. मांडीवरचा हात डावीकडे सरकला. मी उजवीकडे नेला, तोही उजवीकडे गेला.

लगेच जोडणी तोडली. काकू मनगट चोळत बसल्या आणि वय झालं आता असं काहीतरी पुटपुटल्या. हे मी ऑफिसात कोणाला दाखवलं नाही, म्हणून इथे लिहिते.

७ मार्च, गुरुवार

अपडेट काढून टाकलं. मशीन परत चालू केलं, तर अपडेट होतं तिथेच. विचारणारी चौकट सुरू करायला गेले, तर तो पर्यायच गायब. काकूंच्या मशीनला कोण जोडलंय ते पाहिलं. माझं नाव होतं. मी जोडलेली नव्हते.

काकू सकाळपासून टाईप करत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बोटं थांबत नाहीत. साहेबांना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. ते म्हणाले की काम दुप्पट होतंय, मग अडचण काय आहे? तक्रार मिटली असं लिहून टाका. मी म्हटलं, मिटवतेच, थांबा, आणि मोठ्या मशीनची वायर भिंतीतून उपटली. पडदे विझले. काकूंची बोटं चालूच.

त्यांना खुर्चीसकट मागे ओढलं, दोन्ही हात घट्ट धरून घरी पोचवलं. वाटभर त्यांची बोटं माझ्या मुठीत टाईप करत होती.

मी घाबरलेय. पण पळून जाणार नाही. दार मी उघडं टाकलंय, लावणारही मीच.

८ मार्च, शुक्रवार

वायर लोंबतेय आणि मशीन चालू. सगळं ऑफिस एका तालात टाईप करतंय. साहेबसुद्धा. कोणी मान वर केली नाही.

माझ्या पडद्यावर चौकट आली. परवानगी द्यायची का? नाही. पुन्हा आली. नाही. मग एक सणसणीत शिवी हासडून नाही.

मग एक विनंती बाबांच्या नावाने आली. बाबांना विनंती पाठवता येत नाही, ते मी त्यांना कधी शिकवलेलंच नाही. हे डोक्यात यायच्या आधी बोटानं 'हो' दाबलं होतं. बाबा म्हटल्यावर दुसरं काय दाबणार होते मी?

९ मार्च, शनिवार

खोलीवर आहे. उजवा हात गेला. डाव्यानं लिहितेय, कोंबडीचे पाय काढल्यासारखं. उजवा पट्ट्यानं खुर्चीला बांधलाय. बांधल्या जागी टाईप करतो.

बांधायच्या आधी त्यानं लॅपटॉपवर काय लिहिलं ते पाहिलं. बाबांना विनंती. माझ्या नावाने. बाबांचे हात हवेत याला. मिळणार नाहीत.

बाबांना फोन केला. म्हटलं, कॉम्प्युटर बंद करा, मी विचारलं तरी 'हो' दाबू नका. ते हसले. म्हणाले की पोरी, तू विचारल्यावर मी नाही कसं म्हणू? मी ओरडले. त्यांच्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. ते मग बरं म्हणाले.

मी खूप रडले. पण बरं म्हणाले ते.

१० मार्च, रविवार

डोळा लागला तेवढ्यात पट्टा सुटला— उजव्यानं बाबांना निरोप पाठवलाय. सगळं ठीक झालं, कॉम्प्युटर चालू करा—

फोन लावला. नाही म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं, हो दाबा बाबा. माझ्याच आवाजात. रिमोटवरून आवाजही जातो, मला माहीत हवं होतं—

तोंडात रुमाल कोंबलाय. उजवा परत बांधला. डावा माझा. माझाच राहणार. ये घ्यायला.

रविवार, जरा वेळाने

फोनवर व्हिडिओ कॉल लावला. बाबा दिसतात. शेजारी त्यांचा पडदा, त्यावर चौकट. माझं नाव. त्यांचं बोट माऊसवर—

उजवा सुटला. रुमाल ओढून काढला. तोंड म्हणतंय हो, हो, हो—

म्हणू दे. मी वही कॅमेऱ्यासमोर धरते.

बाबा तोंड माझं नाही

हे अक्षर माझं

बोट थांबलं. वाचतायत—

डावा जड

बाबा मी सांगतेय मी

नाही दाबा

नाही दा