सतरा नंबरची मिरची

६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे पत्र नाही, माफ कर. कारण आळस नाही, लाज आहे.

मागच्या अंगणात चेरी मिरचीची पाच रोपं लावली आहेत. पिकल्या की चेरीसारख्या गोल, लाल, चकचकीत दिसतात. सासऱ्यांची हयात वजनमापं तपासण्यात गेली, तुला ठाऊकच आहे. त्यांनी प्रत्येक मिरचीला नंबर दिलाय. रोज सकाळी व्हर्नियर लावून जाडी मोजतात आणि वहीत लिहितात. चाळीस वर्षांत एक खोटा आकडा लिहिला नाही, हेही तेव्हाच ऐकवतात.

तर, सतरा नंबरची मी खाल्ली. हिरवीच. तिखट आहे का बघावं म्हणून. नंबर तोडल्यावर दिसला. मग माझ्या जुन्या माळेतला तेवढाच हिरवा मणी दोऱ्याने देठाला बांधला. संध्याकाळी सांगू म्हटलं. त्याला आज वीस दिवस झाले.

आणि ताई, मणी वाढतोय! वही चोरून पाहिली. आधी अठरा मिलिमीटर, मग एकोणीस, काल तेवीस. पुढे शेरा: देठाजवळ लालसर छटा. बियाण्यासाठी त्यांनी तीच राखलीय आणि चौदा तारखेच्या रविवारी त्यांचे जुने साहेब ती बघायला येणार आहेत. सांगितलं तर सासऱ्यांचा जन्मभराचा शब्द खोटा पडतो. नाही सांगितलं तर साहेबांसमोर मणी कापला जाईल. मी दयाळू आहे की नुसतीच भित्री, मलाच कळेना. काय करू?

माया असू दे.
तुझी धाकटी

९ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हसून हसून चष्मा काढून ठेवावा लागला. तुझे भाऊजी म्हणतात, उरलेली माळही लावून टाक, माती चांगली दिसतेय.

दयाळू वगैरे काही नाहीस. माझी शाई सांडून बाटलीत पाणी भरून ठेवणारी तूच. साहेब यायच्या आत सांग. सासरे एकटे असताना सांग, आणि आधी खाल्ल्याचं बोल, मण्याचं मागून.

तब्येतीला जप, आणि कळव लगेच.
तुझी ताई

शनिवार, १३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज सांगितलं. आधी त्यांना पटेचना. म्हणाले, व्हर्नियर खोटं बोलत नाही. माझ्यासमोर मोजलं: अठरा. तीनदा मोजलं, तीनदा अठरा. मग पालथ्या बादलीवर बसले. म्हणाले, बाकीच्या सगळ्या वाढत होत्या, हिलाच एकटीला मागे कसं ठेवायचं, म्हणून हात लिहीत गेला. मला रडू आवरेना. त्यांनी विचारलं, निदान तिखट तरी होती का? नव्हती म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा पार उतरला.

ते पान फाडून टाकू या, असं मी सुचवलं आणि केवढे भडकले! नोंद फाडायची नसते म्हणे, खाली दुरुस्ती लिहायची असते. तिथेच त्यांनी लिहिलं: वाढ मोजली नाही, धरून चाललो. खाली सही, तारीख. साहेबांना ते हेच पान दाखवणार आहेत. मणी काढू देत नाहीत. पुरावा आहे म्हणतात. आणि पान अजून अपुरं आहे, असं माझ्याकडे बघून दोनदा म्हणाले.

रागावली नसशील तर लिही.
तुझी धाकटी

ता. क. माझं उद्याचं काम: साहेब यायच्या आत सतरा नंबरपुढे 'मी खाल्ली' असं लिहून सही करणे.