तीन किलोमीटरच्या आत

६ जून

— आणि साहेबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. दोन पूर्णांक सत्त्याऐंशी. शाळेच्या फाटकाला हात टेकून उभे होते. घामाघूम, पण खूश. "मॅडम, तीनच्या आत आहे. वाहन नियमात बसत नाही."

बसत नाही! मी मागे बघितलं. भेकरपाड्यावरची सोळा-सतरा माणसं रांगेत उभी. हातात कोयते. चेहरे असे, की घरचं कार्य नीट पार पडलं.

काय झालं ते मला नंतर कळलं. हे साहेब, शिक्षण विस्तार अधिकारी, पायी अंतर मोजायला येणार, हा निरोप मीच मंगळवारी पाड्यावर दिला होता. पाड्यापासून आमच्या शाळेपर्यंत रस्त्याने साडेचारच्या वर. एवढं साहेबांना उन्हातून चालवायचं? बबनदादांना ते पटेना. पाड्यात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी दोन दिवस सगळ्यांना कामाला लावलं. टेकाडाच्या अंगाने लाकूडफाट्याची एक जुनी वाट होती, करवंदीच्या जाळ्यांनी बुजलेली. ती तोडून मोकळी केली. कोरड्या नाल्यात उतरायला पायऱ्या खणल्या. मधे एका झाडाखाली पाण्याचा हंडा ठेवला.

साहेब त्या वाटेने आले. अंतर पावणेदोन किलोमीटरने कमी झालं.

बबनदादा जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाय, सायेब खूश हाय ना?"

मी हो म्हटलं.

७ जून

राग गेलेला नाही. लिहून बघते.

नियम साधा आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा असेल तर गाडी नाही. बाहेर असेल तर सरकार गाडी देतं. पाड्यावरची शाळा पाचवीपर्यंत. तिथून या वर्षी सात मुली पाचवी झाल्या. सात! गेल्या वर्षी दोन होत्या. दोघी घरी बसल्या. एकीसाठी स्थळं बघतायत म्हणे.

रागावू कोणावर? साहेबांनी नियमाने मोजलं. पाड्याने माणुसकी केली.

१० जून

पाड्यावर गेले. भांडायलाच गेले होते.

ठमीचे वडील, भीमा, दारात दोरी वळत बसलेले. ठमी म्हणजे सातांतली सगळ्यात लहानखुरी आणि सगळ्यात तोंडाळ. ती आतूनच ओरडली, "बाय आल्या! आता तुमची शाळा!"

म्हटलं, भीमा, साहेबांना रस्त्याने आणायचं होतं.

"पाव्हन्याला लांबनं फिरवायचा?"

"ते पाहुणे नव्हते. मोजायला आले होते."

"मंग मोजला ना त्यांनी."

"कमी भरलं!"

"कमी चालाया लागला. बराच झाला की."

चुलीपाशी बसलेली गंगू, त्यांची बायको, हसायलाच लागली. "बाय, यांना नका सांगू. आमच्या लग्नात वऱ्हाड असाच जवळच्या वाटंनं आनला. नवरा पोचला, मांडवाचा पत्ताच नाय!"

मीही हसले. आणि हसले म्हणून अजून चिडले.

निघताना भीमा सोबत आले. हसू संपलं होतं. "गाडी नाय तर पोरीला नाय धाडायचो, बाय. रस्त्याला खडीचं डंपर. रानातल्या वाटंला पावसाळ्यात पानी. मी सकाळी सातला मोरिवलीला कंपनीत. सोडाया कोन जाईल?"

ठमी ऐकत होती.

१३ जून

कागद आला. "अपात्र."

लगेच कार्यालयात गेले. खिडकीपाशी रंजनाताई. वाहतुकीच्या सगळ्या फायली त्यांच्याकडे. चांगल्या आहेत. चहा सांगतात. वाटेत अडथळा असेल तर तीनच्या आतही गाडी मिळते, म्हणून फाईल उघडून तो रकाना दाखवला. अडथळा: नदी / नाला / महामार्ग / रेल्वे. साहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलंय: "नाला. कोरडा. अडथळा नाही."

"जूनच्या सुरुवातीला कोरडाच असतो, ताई. जुलैत बघा."

"पण तपासणी जूनमध्ये झाली ना, मॅडम."

"मग जुलैत करा!"

"जुलैची तपासणी नसते हो. जूनचीच असते."

चहा पिऊन आले.

१५ जून

शाळा सुरू. सहावीत सातही मुली! त्याच वाटेने आल्या, साफ केलेल्या. नाल्यात पाणी नाही अजून. भीमा कामावर खाडा करून सोडायला आले होते. फाटकापाशी म्हणाले, "पानी येईस्तवर."

१९ जून

आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या गल्लीत सकाळी चार पिवळ्या बस येतात. शेवटची समोरच्या इमारतीतल्या एका मुलासाठी तीन-तीन मिनिटं हॉर्न वाजवते. त्याची शाळा मला गॅलरीतून दिसते.

२१ जून

रंजनाताईंचा फोन. "मॅडम, तुमची ऑनलाइन हजेरी बघितली. सातही मुली रोज हजर! मग गाडीचं एवढं काय लावलंय?"

नाही आल्या तर शाळाबाह्य म्हणून मला नोटीस. आल्या तर गाडीची गरज नाही. मी फोन ठेवला. नीट "ठेवते" म्हणूनच ठेवला. मग डस्टर फळ्यावर आपटला. मुलं दचकली.

२५ जून

तिसऱ्यांदा प्रस्ताव लिहिला. सगळी विशेषणं काढली. विनंत्या काढल्या. उरलं ते एवढं: सात मुली, एक नाला, चार महिने पाणी.

२९ जून

नाल्याला पाणी. सहावीत सात गैरहजर.

२ जुलै

बबनदादांना नाल्यात उभं केलं आणि फोटो काढला. मांडीच्या वर पाणी. ते हात जोडून उभे राहिले. म्हटलं, हात नका जोडू दादा, निवडणुकीचा फोटो नाही. तर हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना.

फोटो घेऊन थेट साहेबांकडे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितला.

"तारीख नाही. ठिकाण नाही. हा तोच नाला कशावरून?"

"सर, मी सांगते आहे ना."

"तुम्ही सांगता ते ठीक. सिस्टीमला कसं सांगू? हे मधले गृहस्थ कोण?"

"त्या दिवशी यांनीच तुम्हाला हंड्यातलं पाणी दिलं."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग डायरी उघडली. "अकरा जुलै. गुरुवार. मी येतो. या वेळी रस्त्याने मोजू. नाल्याचा फोटो मी माझ्याच मोबाईलवर घेईन. तारखेसकट."

येताना स्टेशनवर वडापाव खाल्ला. महिनाभरात पहिल्यांदा भूक लागली होती.

५ जुलै

सात गैरहजर. ठमी म्हशींमागे असते, असं कळलं.

८ जुलै

सकाळी वर्गात गेले तर सातही! ओळीने बसलेल्या. पाय कोरडे.

"कशा आलात गं?"

ठमी उभी राहिली. "पुलावनं!"

कुठला पूल?

"आमचा! काल केला. ताड पडला ना वाऱ्यानं, तो चिरला. बाबान् चिरला. दोन ओंडकं टाकलं. वर फळ्या. धरायला बांबू पन हाय. बाय, मी पयली गेली. पयली मीच!"

बाकीच्या सहाजणी म्हणाल्या, नाही, सगळ्या बरोबरच गेलो. तासभर तोच वाद. मी थांबवला नाही.

मधल्या सुट्टीत बबनदादा आले. चूक झाली होती, ती निस्तरली असा चेहरा. "आमच्यामुळं तुमची गाडी गेली, बाय. मंग म्हटला, आपुनच करू. आता सायबाला तरास नको."

मला आनंद झाला होता. खरंच झाला होता. आणि मग गुरुवार आठवला.

गुरुवारी साहेब नाल्याचा फोटो घेणार. तारखेसकट. फोटोत पूल!

९ जुलै

दिवसभर डोकं धरून बसले होते. ही माणसं काही नीट करून दाखवतात, की लगेच त्यांच्या नावापुढे "गरज नाही" लागतं. वाट काढली — अपात्र. मुली पाठवल्या — अपात्र. पूल बांधला! त्यांनी हात बांधून बसावं आणि मुलींनी घरी बसावं, तर पात्र.

शाळा सुटल्यावर पाड्यावर गेले. त्या पुलावरूनच गेले. हलतो. पण बांबूला धरून जाता येतं.

भीमांना विचारलं, किती टिकेल?

"गनपतीपरेंत टिकंल. मोठा लोंढा आला तर नाय."

"आणि पुढच्या वर्षी?"

मुलींची तीन वर्षं आहेत. सहावी, सातवी, आठवी. तीन पावसाळे. म्हणजे गाडीच हवी. मी स्वतःला जे सांगत आले होते, तेच त्यांनाही सांगितलं. गुरुवारपुरता पूल काढा. साहेब गेले की परत टाका.

मला वाटलं होतं भांडतील. भीमा म्हणाले, "काढतो. चार मानसांचा काम. त्यात काय." गंगू मात्र उठून आत गेली.

ठमीने विचारलं, "सायबाला पूल आवडत नाय?"

"तसं नाही गं."

"मंग?"

एवढी बी.एड. करून म्हटलं काय, तर नियम असतो. तिने मान हलवली. मोठी माणसं खोटं बोलली, की मुलं हलवतात तशी.

१० जुलै

पूल काढला. मुलींना आज आणि उद्या सुट्टी दिली. कुठल्याच रजिस्टरमध्ये न बसणारी सुट्टी.

११ जुलै

साहेब मोटारसायकलवर आले, रेनकोट घालून. पाड्यापासून रस्त्याने चालत निघालो. साहेब, मी, भीमा. दोन डंपर अंगावरून चिखल उडवत गेले. दुसऱ्याला साहेबांनी हात उगारला. तो थांबला नाही.

वाटेत साहेब म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? त्या दिवशीसुद्धा रस्त्यानेच मोजायला हवं होतं. मला कळत होतं. पण ऊन फार होतं हो. आणि ही माणसं इतकी मायेने नेत होती." मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. पण त्यांचे बूट पूर्ण भिजले होते.

चार पूर्णांक बासष्ट.

मग नाल्यावर. कमरेएवढं पाणी, गढूळ, जोरात. ओंडके पाड्याच्या बाजूला करवंदीच्या जाळीआड ओढून ठेवलेले. मला माहीत होतं म्हणून दिसले. साहेबांनी फोटो घेतला. भीमांना विचारलं, "इथून जायला काहीच सोय नाही?"

"नाय."

"पूर्वी होती?"

"नाय सायेब."

भीमांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

साहेबांनी कागद रेनकोटच्या आडोशाला धरून तिथल्या तिथे सही केली. "पात्र." सात नावं. गाडी कधी? "आदेश निघेल, मग निविदा. ऑगस्ट संपेल, मॅडम. पण आता नक्की."

पाच वाजत आले होते. भीमा म्हणाले, पाणी चढतंय, आज ओंडके नाही टाकता यायचे, उद्या उजाडताच टाकतो. मी बरं म्हटलं. गाडीची सही हातात होती. घरी येईपर्यंत दोनदा पिशवीतून काढून वाचली.

१२ जुलै

ओंडके वाहून गेले. काठच खचला म्हणे. सकाळी बबनदादांचा फोन आला होता.

सहावीत सहा गैरहजर. ठमी पावणेबाराला आली. आधी नाल्यावर गेली, तिथून परत फिरली, मग डांबरी रस्त्याने. एकटी. दप्तरावर प्लास्टिक, कमरेपर्यंत चिखल.

दारातच म्हणाली, "बाय, सायेब चालले ना काल, तिकडनं आली. लय लांब हाय."

हजेरी मांडली. उशिराचा शेरा लिहिला नाही.