टेबलाची खालची बाजू

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तू विणलेले मोजे मिळाले. एक मोजा दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब आहे, तो बहुधा दाजींनी विणला असावा. तरी दोन्ही घालतो. इथल्या फरश्या फार गार आहेत.

माझं बरं चाललंय. सकाळी झाडलोट, मग बागेत खुरपणी. दुपारी सगळ्यांनी गोल बसून आपापलं बोलायचं असतं. आधी मला घाम फुटायचा, आता थोडं थोडं बोलतो. खोलीत सोबतीला एक ट्रक ड्रायव्हर आहे. तो घोरतो तेही चढाला लागलेल्या ट्रकसारखं. माणूस मात्र लाखमोलाचा.

पत्राचं खरं कारण वेगळंच. इथलं जेवणाचं लांब टेबल पार डुगडुगतंय. मी रोज त्याचे सांधे बघून हळहळतो, ते आमच्या मास्तरांच्या नजरेला पडलं. मास्तर म्हणजे इथले प्रमुख, पूर्वी शाळेत कवायत घ्यायचे आणि अजूनही घेतात. ते म्हणाले, हत्यारं मागव आणि दुरुस्त कर. तर बाबांची पेटी पाठवशील का? आणि जमल्यास पॉलिशसाठी थोडी चपडी, म्हणजे लाख. पॉलिशचं बाकीचं मास्तर बघतील.

पुढच्या महिन्यात चार दिवस घरी सोडतील असं दिसतंय. आई काय म्हणेल? तिला सरळ विचारू नकोस, अंदाज घे.

तुझा,
ठोक्या

ता. १८ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

मोज्यांना नावं ठेवायची असतील तर परत पाठव. ते मीच विणले. टीव्ही बघत विणले की असंच होतं.

पेटी आजच पार्सलने रवाना केली, सोबत चपडीचा डबाही. रंधा, पटाशा, हातोडी, सगळं पुसून, तेल लावून ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवलं. बाबांना एकही कप्पा रिकामा चालायचा नाही, आठवतं ना? तू हत्यारं मागितलीस हे वाचून मी दुकानात बसून रडले. दाजींनी विचारलं तर म्हटलं, भुसा गेला डोळ्यात.

आईचा अंदाज घ्यायला गेले आणि पकडली गेले. ती एवढंच म्हणाली की तो येणार असेल तेव्हा मला मावशीकडे पाठव. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं पिणं सगळ्यांच्या आधी तिला कळलं होतं हे तुला माहीत नसेल. आपल्याकडे टेबल असो की कपाट, दिसत नाही त्या खालच्या बाजूलाही पॉलिश द्यायचं, हा बाबांचा दंडक. ते गेल्यावरही तू तो पाळायचास. एके दिवशी आईने तुझ्या टेबलाखालून हात फिरवला, तर ते कोरं, खरखरीत. तेव्हाच तिने ओळखलं. घरात बाटली सापडली ती पुढे कितीतरी महिन्यांनी. तेव्हापासून तिला कुणाचं सांगणं पटत नाही, तू सुधारलास हे माझंही नाही.

तिचे आशीर्वाद लिहू का म्हणून विचारलं. ती उठून आत गेली. मग लिहीत नाही, उगाच खोटं कशाला?

जेवत जा. दाजी तुझी आठवण काढतात, विशेषतः कपाट उचलायची वेळ आली की.

तुझी,
ताई

ता. २० फेब्रुवारी

चि. ठोक्या,

आशीर्वाद, मायना सगळं नंतर. पेटी आली असेल तर तिला हात लावू नकोस. तशीच मास्तरांकडे दे.

आज दाजींनी स्पिरिटची छोटी बाटली मागितली. मी फळीवर शोधली, सापडेना, आणि तेव्हा लक्षात आलं. ती मी पेटीत घातली होती. उजवीकडचा उभा कप्पा बाटलीचा, तो रिकामा दिसला आणि हातांनी भरून टाकला. लहानपणापासून बाबांची पेटी मीच भरत आले रे. शेवटी शेवटी तू दुकानातलं तेच पीत होतास, हे माहीत असून मीच तुला ते पाठवलं! तिथे फोन केला, तर कुणी उचलत नाही. दाजी स्वतः हे पत्र घेऊन स्टेशनवर निघालेत, लवकर पोचावं म्हणून.

काही झालं असेल तरी लिही. मी रागावणार नाही. पण लिही.

ताई

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

आधी हे वाच : मी प्यायलो नाही. आता खाली बस, पाणी पी आणि पुढचं वाच.

तुझ्या पत्राआधीच पेटी आली होती. इथला नियम आहे की पार्सल कुणी एकट्याने फोडायचं नाही, दुसरा माणूस समोर हवा. पण बाबांची पेटी म्हटल्यावर मला धीर कुठला? सामानाच्या खोलीत जाऊन एकट्यानेच उघडली. रंधा हातात घेतला, हुंगला. मग बाटली दिसली. बूच काढलं, ताई. तुझ्यापासून लपवत नाही. वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. तोंडापाशी नेली नाही, पण खालीही ठेववेना.

मग ड्रायव्हरच्या नावाने एवढ्या जोरात ओरडलो की तो अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावत आला. त्याने बाटली हिसकावली नाही. बादली पालथी घालून समोर बसला आणि विचारलं, हे एरवी कशाला वापरतात? मी सांगितलं, पॉलिशची चपडी विरघळवायला. तो म्हणाला, मग वापर की. त्याच्यासमोर सगळंच्या सगळं चपडीवर ओतलं. डबा तो मास्तरांकडे घेऊन गेला, मागोमाग मी.

मास्तर बाटलीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. पार्सल एकट्याने फोडलं म्हणून झाडलं आणि माझी घरची रजा रद्द केली. बरोबरच केलं. फोन करू का म्हटलं, तर म्हणाले, टेबल पुरं कर आणि मग लिही. म्हणून इतके दिवस तुझा जीव टांगणीला लागला, त्याबद्दल माझा कान धर. काम करताना ड्रायव्हर रोज बादलीवर बसून असायचा.

तू स्वतःला दोष देत बसू नकोस. आणि आईला मावशीकडे जायचे कष्ट नकोत म्हणावं, मी येत नाही. रविवारी इथे भेटायला येता येतं. तू एकटी आलीस तरी चालेल.

तुझा,
ठोक्या

ता. १७ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

रविवारी माझ्याबरोबर आईला बघून तू दारातच खिळलास, आणि मी तुझ्याहून जास्त घाबरले होते. तुझं पत्र मी तिला बाटलीसकट वाचून दाखवलं होतं. ऐकून ती उठली आणि तिने रविवारची बस किती वाजता आहे ते विचारलं. आधी सांगितलं नाही, कारण ती दारातून मागे फिरेल अशी मला धास्ती होती.

ती तुझ्याशी धड बोलली नाही, चहासुद्धा अर्धा ठेवला, याचं तुला लागलं असेल. निरोप घेताना तुझा चेहरा बघवत नव्हता. पण तू ड्रायव्हरला बोलवायला आत गेलास ना, तेव्हा तिने तू दुरुस्त केलेल्या त्या टेबलाखाली हात घातला. मी चमचा पडला का म्हणून वाकले, तर ती या टोकापासून हाताला पुरेल तिथपर्यंत खालून चाचपत होती. मग थोडी सरकून पुन्हा तसंच. मग हात पदराला पुसला आणि तशीच बसून राहिली.

मग परतीची बस. अर्ध्या वाटेवर म्हणाली, खालून गुळगुळीत आहे.

तू पत्रात ते लिहिलं नव्हतंस. बरं केलंस.

आज सकाळी आईने दाजींना तुझ्या कामाच्या बाकावरची खोकी हलवायला लावली. ते कुरकुरले की त्याला यायला अजून अवकाश आहे. तर म्हणाली, बाक पुसायलाही वेळ लागतो. पॉलिशच्या कपाटाला तिने कुलूप आणलंय आणि किल्ली स्वतःकडे ठेवणार आहे. आई म्हणते, तू आलास की समोर बसायला बादली नको, मी स्टूल घेईन.

ड्रायव्हरभाऊंना नमस्कार सांग. त्यांच्यासाठी मोजे विणते आहे, दोन्ही सारखे.

तुझी,
ताई

आईचे अ. उ. आ. हे मी मनाचं लिहिलेलं नाही. पाकीट चिकटवत होते, तिने परत उघडायला लावलं.