तीन डुलक्यांची वही

२ सप्टेंबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

गेल्या पत्रातली चूक आधी दुरुस्त करते. चौऱ्याहत्तराव्या दिवशी दुपारची डुलकी वीस मिनिटांची झाली असं मी कळवलं होतं. ती त्रेपन्न मिनिटांची होती. गजर मी झोपेतच बंद केला आणि चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांवर डोकं ठेवून पडून राहिले. मालकांच्या खाकरण्याने जाग आली. वहीत वीसवर एकच रेघ मारून शेजारी त्रेपन्न आणि तारीख लिहिली आहे. दहा वर्षांची होईपर्यंत तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकले, त्या घरात खोडरबर नव्हतं. चूक पुसायची नाही, रेघ मारायची, आणि ज्याची चूक त्याने ती सगळ्यांपुढे वाचायची. सातचा पाढा चुकले तेव्हा मी दूधवाल्यालाही थांबवून वाचून दाखवलं होतं, हे मामी अजून हसून सांगते.

दुसरी गोष्ट लिहायला हात धजत नाही. पंचाहत्तराव्या दिवशी एका बसचालकाच्या चष्म्याची काच मी बसवली. तिरप्या नंबराच्या काचेला कोन लागतो. चिठ्ठीवर साठ होता, मी एकशे वीस धरला. तो काल परत आला. बिचारा भांडला नाही, म्हणाला की ताई, पायऱ्या वाकड्या दिसतात. चार दिवस त्याने तोच चष्मा लावून बस चालवली. मी अजून मालकांना सांगितलेलं नाही, नवी काच गुपचूप घासते आहे.

रात्री साडेतीन तास झोप आणि दिवसा तीन डुलक्या, हा शंभर दिवसांचा प्रयोग आपण दोघांनी एकाच दिवशी सुरू केला. म्हणून विचारते: तुम्हालाही असं होतं का? झालं तर मी थांबेन.

लोभ जागा ठेवावा.

तुमची भाची


८ सप्टेंबर

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मामी म्हणाली, या पोरीला डुलकीही फूटपट्टी लावून घ्यायची असते. अगं, त्रेपन्न मिनिटं झोपलीस म्हणून आभाळ कोसळत नाही.

मला विचारशील तर आजचा माझा शहाऐंशीवा दिवस. त्याच तीन डुलक्या, मिनिटाचाही फरक नाही, आणि डोकं धुतलेल्या पाटीसारखं स्वच्छ. पहिले दोन-अडीच महिने शरीर कुरकुरतं, मग निमूट ऐकतं. चष्म्याची चूक कुणाच्याही हातून होते, तिचं खापर झोपेवर कशाला? ते वहीत लिहू नकोस, उगाच हिशोब गढूळ होतो. शंभर भरायला चौदाच दिवस राहिलेत, आता नांगी टाकू नकोस. भरले की वही पाठव, माझ्या वहीशी ताडून पाहीन.

लोभ आहेच, त्याला डुलकी लागत नाही.

तुझा मामा


७ ऑक्टोबर

चि. बाळीस,
आशीर्वाद.

तुझी वही पोचली. वहीबरोबरचा फोटो पाहिला. डोळ्यांखाली किती काळं! आता तरी पोटभर झोप गं. यांनी तर दहाव्याच दिवशी सोडून दिलं, मी म्हटलं सुटलो. रात्री दहाला आडवे होतात, सहाला उठतात, वर दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरतात. तुला कळवलं असेलच.

वही आल्यापासून मात्र यांनी मान वर केली नाही. दुसऱ्याच दिवशी मला दुकानातून खोडरबर आणायला सांगितलं. मला हसूच आलं, या घरात पहिल्यांदा! आता पुस्तिका छापून आली आहे, 'माझे शंभर दिवस'. येत्या एकोणीस तारखेला वाचनालयात यांचं भाषण आहे. एक प्रत सोबत घातली आहे. माझा चष्मा जुना झालाय, त्यामुळे तुझं नाव काही सापडलं नाही. तुला दिसलं तर पान कळव.

जीवाला जप, माया आहेच.

मामी


११ ऑक्टोबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

पुस्तिका तीनदा वाचली. तिसऱ्यांदा आठ तास झोपून वाचली, कारण वाटलं की झोप कमी म्हणून मलाच भलतं दिसतंय. चौऱ्याहत्तरावा दिवस: वीस मिनिटांची डुलकी, मन प्रसन्न. पंचाहत्तरावा: कामात विशेष नेमकेपणा. तुम्ही नको म्हणालात तरी मी तिथे बसचालकाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. एकही उरली नाही.

नावाचं मला काही नाही, मामा. पण तुम्हालाही असं होतं का, एवढंच मी विचारलं होतं. तेव्हा तुम्ही रोज आठ तास झोपत होतात, आणि मी तुमच्या शब्दावर आणखी चौदा दिवस काचा घासल्या. त्या दिवसांतले सगळे चष्मे आता परत मागवून तपासते आहे. मालकांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. फक्त महिनाभर नव्या काचांना हात लावायचा नाही म्हणाले. ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

उद्या तुमची पुस्तिका वाचून एखादा बसचालकच डुलक्या मोजायला बसला तर? त्याला तर माझ्यासारखी नुसती काच घासायची नसते.

मामीला बोलू नका. तिने तुमची चहाडी केलेली नाही, तिला वाटलं मला माहीत आहे. वहीची नक्कल माझ्याकडे आहे. नक्कल ठेवायलाही तुम्हीच शिकवलंत. रेघ मारलेल्या सगळ्या जागा तिच्यात आहेत.

ज्याची चूक त्याने वाचायची, हा आपल्या घरचा नियम. म्हणून पहिला मान तुमचा. वाचनालयात तुम्ही उभे राहून वाचलंत तर मी शेवटच्या बाकावर बसून ऐकेन, आणि आल्या वाटेने परत जाईन. नाही वाचलंत तर मी उठेन. माझा आवाज कापेल, पण सातच्या पाढ्याच्या वेळीही कापलाच होता.

लोभ असावा असं लिहायची सवय आहे. आज हात थांबतो.

तुमची भाची

ता. क. दुरुस्तीशेजारी तारीख हवी, म्हणून ती आजच टाकून ठेवते: रविवार, १९ ऑक्टोबर.