दोन ठोक्यांमधला बाक

९ नोव्हेंबर

पनवेल नगरीविरुद्ध माझी एकच गंभीर तक्रार आहे : इथल्या कपांना कान नाहीत. खांदा कॉलनीतल्या झाडून सगळ्या टपऱ्या हिंडलो, सगळीकडे कागदी पेले. अशा पेल्यातून पिताना करंगळीचं काय करावं, याचा विचार एकाही शास्त्रकाराने केलेला नाही. बाकी सारं उत्तम. मिरजेहून सामान धडधाकट आलं. फ्लॅटला वारा आहे. नव्या शाळेतली संस्कृतची मुलं माझ्या विनोदांना हसतात. बायकोचं, शशिकलेचं, म्हणणं, आठवडाभर थांबा, हसायची थांबतील.

१४ नोव्हेंबर

आज वर्गात शब्दरूपं सांगता सांगता हृदय उधळलं. मुख्याध्यापकांनी जवळच्या लहानशा इस्पितळात नेलं, शशिकलाही धावत आली. ठोके मिनिटाला दोनशेच्या घरात. डॉक्टर झुबेर तरुण आहेत, पण माणूस थंड डोक्याचा. आधी श्वास कोंडून जोर लावायला सांगितला. हृदयाने दाद दिली नाही. मग ॲडेनोसिन काढलं. हे औषध शिरेत झटक्यात सोडतात, पाठोपाठ सलाईनचा लोंढा, हात वर. हृदय क्षणभर थांबतं आणि ताळ्यावर येतं. मरतोय असं वाटेल, पण तुम्ही मरत नसता, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मी म्हटलं, म्हणजे अल्पविराम.

रुमाना सिस्टरांची एक रीत आहे. औषध जाताना घरच्या माणसाने पेशंटला हाक मारत राहायचं, धीर येतो. लग्नाला तीस वर्षं होत आली. उखाणा सोडला तर शशिकलेने माझं नाव कधी घेतलेलं नाही. ती म्हणाली, "अहो."

त्या विरामात मी एका लांब बाकावर बसलो होतो. ओळीने पुरुष बसलेले, माना खाली. "अहो" ऐकताच सगळ्यांनी माना वर केल्या. मी टोकाला होतो म्हणून आधी उठलो.

डॉक्टर म्हणाले, भास. मान्य.

२२ नोव्हेंबर

पुन्हा तेच दुखणं, तेच औषध, तोच बाक. शेजारच्याने आपण होऊन ओळख करून दिली. बळीराम. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकवरचा माल उतरवायचा. दमलेला, सभ्य माणूस. म्हणाला, "माझी बायको पन अशीच हाक मारायची. आता कोन मारत नाय."

तेवढ्यात शशिकलेची हाक आली. आम्ही दोघेही उठलो.

२५ नोव्हेंबर

शशिकला सांगते, मी झोपेत "नाय, नाय" म्हणतो. आज खालच्या मजल्यावर सुके बोंबील भाजत होते आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आमच्या सात पिढ्यांनी कांदासुद्धा जपून खाल्ला. यावर एखादा विनोद सुचायला हवा होता. कंटाळा आला.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरांना विचारलं, दुसरं औषध नाही का. आहे, पण त्याने रक्तदाब पडतो आणि माझा आधीच खाली. हृदयातली एक चुकार वाट जाळून टाकावी लागेल. ते काम येत्या गुरुवारी मुंबईत. तोवर झटका आला तर ॲडेनोसिनच.

सिस्टर म्हणाल्या, गेल्या वेळी त्या स्वतः "कमलाकर काका" म्हणून ओरडत होत्या. मला तिथे ऐकू आलं नाही. तिथवर फक्त शशिकलेचाच आवाज पोचतो.

घरी येऊन तिला हात जोडले. एकदाच नाव घे, म्हणजे मी एकटाच उठेन. बाकाचंही सगळं सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग म्हणाली, "नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, आई सांगायची. एरवी थट्टेत घेतलंही असतं. त्या घडीला नाही घेणार."

इतका जीव आहे तिचा माझ्यावर.

३० नोव्हेंबर

तिसरी वेळ. बळीराम माझ्या आधी उठला — मी त्याचा सदरा धरला — तो रडत होता, मीही — ढकललं त्याला. आलो परत. पण एकटाच आलो का —

रिक्षात शशीने हात हातात घेतला. बघत राहिली. तुमचे तळवे एवढे खरखरीत कधी झाले, म्हणाली.

आयुष्यात खडूपेक्षा जड काही उचललं नाही मी.

१ डिसेंबर

सुरू झालं. धावतंय — अक्षर हलतंय. शशी खाली रिक्षा थांबवायला गेली आहे. परत विनवलं. मानेनेच नाही म्हणाली. डोळे भरलेले.

मरणाला मी भीत नाय —

नाही. भीत नाही.

भीती एवढीच आहे. ती हाक मारेल आणि तो उठेल. ती त्याला धरून घरी आणेल, पथ्याचं करून घालेल. तिला कळणार नाही. आणि मग रोज, उठता बसता, ती त्याला अहो म्हणेल — आणि मी तिथे प्रत्येक हाकेला मान वर करून —

जिन्यात तिची पावलं. बोलावते आहे. अ